विश्लेषण : डाळिंब, मेंदी, तामण एकाच कुळातले कसे? पानातला डीएनए काय सांगतो, काय सांगत नाही?

आषाढी एकादशीला पंढरपुरात उपवासाला चालणारा शिंगाडा, सांगोल्याच्या माळावरचे डाळिंब, हातावर रंगणारी मेंदी, महाराष्ट्राचे राज्यफूल तामण आणि राज्याचा कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी. दिसायला, वाढायला आणि वापरायला एकमेकांशी काही संबंध नसलेल्या या पाच वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. हे नाते पक्के झाले ते मुख्यतः पानातील हरितलवकाच्या डीएनएवरून. सोलापूरसारख्या डाळिंबाच्या जिल्ह्याला या शास्त्राचा उपयोग किती? आणि रोपाची ‘डीएनए चाचणी’ म्हटली की त्यातून नेमके काय कळते?

सोलापूरसाठी हा विषय महत्त्वाचा का?

सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस आणि मोहोळ या तालुक्यांत डाळिंबावर मोठे अर्थकारण उभे आहे. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. २०१६ मध्ये ‘सोलापूर डाळिंब’ला भौगोलिक मानांकन मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर भागातील डाळिंबे समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला रवाना झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये सिडनीला पोहोचली. हवाई वाहतुकीपेक्षा जहाजाचा खर्च कमी असल्याने निर्यातदारांचे या प्रयोगाकडे लक्ष होते.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. निर्यातीचा बहुतांश डोलारा ‘भगवा’ या एकाच वाणावर उभा आहे. तेल्या, मर आणि खोडकिडीने गेल्या काही वर्षांत अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. बाग काढली की नवीन लागवड आली, नवीन लागवड आली की रोपांचा प्रश्न आला. रोप खरोखर भगव्याचेच आहे का? ते निरोगी आहे का? रोगाला तोंड देणारा नवा वाण तयार करायचा तर त्यासाठी लागणारे गुण कोणत्या नातेवाईक झाडात शोधायचे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे डीएनएतून मिळू शकतात. मात्र तिन्हींसाठी डीएनए एकच नाही. ही गल्लत टाळायची असेल तर आधी हरितलवकाच्या जीनोमची ओळख करून घ्यावी लागेल.

हरितलवकाचा जीनोम म्हणजे काय?

वनस्पतीच्या पेशीत डीएनए तीन ठिकाणी असतो. सर्वात मोठा साठा पेशीच्या केंद्रकात. दुसरा तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात. तिसरा हरितलवकात, जिथे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार होते. पानाला हिरवा रंग देणारे हरितद्रव्य याच हरितलवकात असते.

हरितलवकाकडे स्वतःचा डीएनए कसा, याचे उत्तर फार जुन्या इतिहासात आहे. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सायनोबॅक्टेरियाला गिळले. तो पचला नाही, आतच राहिला आणि पिढ्यान् पिढ्या तिथलाच झाला. काळाच्या ओघात त्याची बहुतेक जनुके यजमान पेशीच्या केंद्रकात गेली किंवा नाहीशी झाली. उरलेली थोडी त्याने स्वतःजवळ ठेवली. १९६०च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी ही कल्पना नव्याने मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला. आज ती पाठ्यपुस्तकात आहे.

हा डीएनए साधारणतः कड्यासारखा गोल असतो. त्यात ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत या मजकुराची लांबी १ लाख २० हजार ते १ लाख ६० हजार अक्षरे भरते आणि त्यात ११० ते १३० जनुके असतात. सुमारे २५ हजार अक्षरांचा एक तुकडा त्यात दोनदा येतो. एकदा सुलट आणि एकदा उलट. तंबाखू आणि मार्केंशिया ही शेवाळवर्गीय वनस्पती यांचे हरितलवक जीनोम जपानमधील दोन गटांनी १९८६ मध्ये पूर्ण वाचले. ते जगातील पहिले होते.

डाळिंबाचा हरितलवक जीनोम सुमारे १ लाख ५८ हजार अक्षरांचा आहे. केंद्रकातील जीनोम त्याच्या दोन हजार पटींहून मोठा, म्हणजे ३० कोटींहून अधिक अक्षरांचा. केंद्रकातील डीएनए हा ग्रंथालय मानला, तर हरितलवकाचा डीएनए ही एक छोटी पोथी आहे.

नाते शोधायला ही छोटी पोथीच का?

चार कारणे आहेत. पहिले, प्रती भरपूर. पानाच्या एका पेशीत अनेक हरितलवके आणि प्रत्येकात या जीनोमच्या अनेक प्रती असतात. त्यामुळे थोड्याशा पानातूनही हा डीएनए सहज हाती लागतो. संग्रहालयात कागदावर चिकटवून ठेवलेल्या, अनेक दशके जुन्या वाळक्या पानांतूनही तो अनेकदा वाचता येतो.

दुसरे कारण, वारसा एकाच बाजूने येतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक फक्त मातृवृक्षाकडून, म्हणजे बीजांडातून येते. परागकणाचा त्यात वाटा नसतो. याला अपवाद आहेत, पण थोडे. सोलापूर, सांगली, बेळगाव भागांत गावोगाव फिरून घराण्यांची वंशावळ वाचून दाखवणारे हेळवी अनेकांना ठाऊक असतील. त्यांच्या वहीत बापाकडून मुलाकडे नावे पुढे सरकतात. हरितलवकाची वही नेमकी उलटी आहे. तिच्यात फक्त आईची ओळ चालते. प्रत्येक पिढीत आई-बापाच्या डीएनएची सरमिसळ होत नसल्याने ही ओळ मागे वाचत जाणे सोपे पडते.

तिसरे कारण, बदलाचा वेग. हरितलवकाचा डीएनए केंद्रकातील डीएनएपेक्षा सावकाश बदलतो. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या वनस्पतींचे मजकूरही एकमेकांशेजारी ठेवून ताडता येतात. चौथे कारण, रचना. जवळपास सगळ्या हिरव्या झाडांत तीच जनुके बहुधा त्याच क्रमाने असतात. त्यामुळे डाळिंबाचे कोणते पान पेरूच्या कोणत्या पानाशी जुळवायचे, याचा फारसा गोंधळ होत नाही.

नाते प्रत्यक्षात कसे काढतात?

पद्धत समजून घ्यायला जुन्या हस्तलिखितांचे उदाहरण चांगले आहे. छपाई नव्हती तेव्हा पोथ्यांच्या नकला हाताने व्हायच्या आणि नकलेत चुका शिरायच्या. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच पाठभेदांचा गुंता झाल्यामुळे. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच जुन्या नकलेवरून उतरल्या असाव्यात, असा तर्क संशोधक करतात. डीएनएचेही तसेच आहे. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना अक्षरे बदलतात. समान बदल हा समान पूर्वजाचा पुरावा ठरतो.

प्रयोगशाळेत पानातून डीएनए वेगळा काढतात. यंत्र त्याचे लक्षावधी छोटे तुकडे वाचते. संगणक एकमेकांवर चढणारे तुकडे ओळखून अख्खे कडे पुन्हा जोडतो. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर फाटलेल्या फाइलचे तुकडे टोके जुळवून सांधण्यासारखे हे काम आहे. मग वेगवेगळ्या वनस्पतींचे मजकूर ओळीखाली ओळ मांडले जातात. समजा एका स्थानावर डाळिंब, मेंदी आणि तामण या तिघांत ‘जी’ आहे, तर पेरू आणि जांभळात ‘ए’. अशा एका स्थानावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण योगायोगानेही तोच बदल दोनदा होऊ शकतो. पण अशी हजारो स्थाने एकाच दिशेला बोट दाखवू लागली, की पहिले तिघे एका फांदीवरचे ठरतात.

शेवटी संगणक असंख्य संभाव्य वंशवृक्ष तपासून उपलब्ध मजकुराशी सर्वात जुळणारा निवडतो. त्यावर विश्वास किती ठेवायचा, हेही मोजले जाते. मजकुरातील स्थाने पुनःपुन्हा चिठ्ठ्यांसारखी उचलून वृक्ष नव्याने काढतात. शंभरपैकी ९८ वेळा तीच फांदी आली तर ती भक्कम, ५५ वेळा आली तर डळमळीत. शोधनिबंधातील वंशवृक्षावर फांद्यांजवळ आकडे दिसतात, ते असे विश्वासाचे माप असतात.

हे काम आधी एकेका जनुकावर चालत होते. १९९३ मध्ये मार्क चेस आणि त्यांच्या ४१ सहकाऱ्यांनी ‘आरबीसीएल’ या हरितलवकातील एकाच जनुकावरून ४९९ बीजधारी वनस्पतींचा वंशवृक्ष मांडला. झाडांच्या कुळांची पुनर्रचना त्यानंतर वेगाने सुरू झाली. एका जनुकावरून चार-पाच जनुके आणि आता संपूर्ण जीनोम, असा हा प्रवास आहे.

डाळिंबाचे कुळ आधी वेगळे का होते?

कारण डाळिंबाचे फळच विचित्र आहे. चिवट साल, आत पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे, तेही दोन मजल्यांत. आपण खातो तो रसाळ भाग फळाचा गर नसून बियांचे मांसल आवरण आहे. मेंदीच्या कुळात बहुधा सुकून फुटणारी बोंडे असतात आणि अंडाशय फुलाच्या वरच्या बाजूला मोकळा असतो. डाळिंबात तो खाली, फुलाच्या नळीशी जोडलेला. एकोणिसाव्या शतकात काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी डाळिंबाला मेंदीजवळ बसवले होते. पण पुढे ‘प्युनिकेसी’ हे फक्त डाळिंबाचे वेगळे कुळ रूढ झाले. शिंगाड्याला ‘ट्रॅपेसी’ हे वेगळे कुळ मिळाले, तर चिप्पीला ‘सोनेरॅशिएसी’. अनेक जुन्या पुस्तकांत ही नावे आजही सापडतील.

हरितलवकाच्या डीएनएने ही वाटणी मोडली. आरबीसीएल, हरितलवकातील इतर भाग आणि केंद्रकातील एक भाग यांचा एकत्रित अभ्यास २००२ आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डाळिंब, शिंगाडा आणि चिप्पी हे तिन्ही मेंदी-तामणाच्या ‘लिथ्रेसी’ कुळाच्या आतच पडतात, असे त्यातून स्पष्ट झाले. २०१९ मध्ये या कुळातील २२ प्रजातींच्या संपूर्ण हरितलवक जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली. त्याआधी २०१७ मध्ये डाळिंबाचा केंद्रकातील जीनोम वाचला गेला, तेव्हाही हेच उत्तर आले. एकच निष्कर्ष दोन वेगळ्या साक्षीदारांनी दिला, म्हणून तो आज पक्का मानला जातो. स्वतंत्र प्युनिकेसी कुळ आता मान्य वर्गीकरणात नाही.

या कुळात आणखी कोण आहे?

लिथ्रेसी कुळात सुमारे ३० वंश आणि ६०० च्या आसपास प्रजाती आहेत. बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. महाराष्ट्रातील ओळखीची नावे पाहिली तर यादी मजेदार आहे. तामण, नाणा आणि बोंडारा ही एकाच वंशातली झाडे. आयुर्वेदात आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी जिची फुले वापरतात ती धायटी. मेंदी, शिंगाडा आणि पांढरी चिप्पी तर आहेतच. ऑगस्ट २०२०मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान्यता दिली. म्हणजे राज्याचे फूल आणि राज्याचे कांदळवन झाड, दोन्ही डाळिंबाच्या भाऊबंदातली निघाली.

यातील सर्वात अनपेक्षित जोडी शिंगाडा आणि चिप्पी यांची आहे. एक गोड्या तळ्यात तरंगणारी छोटी वनस्पती, दुसरे खाडीच्या खाऱ्या चिखलात श्वसनमुळे वर काढून उभे राहणारे झाड. डीएनएच्या वंशवृक्षात हे दोघे अगदी शेजारी येतात. दिसणे आणि नाते यांत किती अंतर असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

डीएनएचे उत्तर हाती आल्यावर जुन्या खुणाही वेगळ्या दिसू लागतात. तामणाच्या फुलाची पाकळी चुरगाळलेल्या कागदासारखी असते. डाळिंबाच्या फुलाची पाकळीही तशीच, मेंदीचीही तशीच. कळीत घडी न घालता कोंबून भरल्यासारख्या या पाकळ्या निदलपुंजाच्या जाड नळीच्या काठावर उगवतात. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट म्हणजे फळ पिकेपर्यंत टिकून राहिलेला हाच निदलपुंज. चिप्पीच्या फळाखालची चांदणीसुद्धा तोच अवयव आहे.

थोडे वर गेले की हे कुळ ‘मिर्टेलीस’ या मोठ्या गणात बसते. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी, तसेच हिरडा, ऐन आणि अर्जुन हे सगळे त्याच गणातले. डाळिंबाचे ते दूरचे चुलते.

मग हरितलवकाचा पुरावा अंतिम मानायचा का?

नाही. त्याची ताकद हीच त्याची मर्यादा आहे. हा जीनोम फक्त आईची गोष्ट सांगतो. आई आणि बाप वेगळ्या प्रजातींचे असतील, तर निम्मी गोष्ट गायब होते.

मोसंबीचे उदाहरण घ्या. मोसंबी ही शास्त्रीय दृष्ट्या गोड संत्र्याच्या गटातली. तिचे हरितलवक पपनसाचे आहे. फक्त तेवढे पाहिले तर मोसंबी म्हणजे पपनसच, असे म्हणावे लागेल. पण केंद्रकातील डीएनए वाचल्यावर कळते, की ती पपनस आणि मँडरिन गटातील संत्रे यांच्या जुन्या संकरातून आली आहे आणि तिच्यात संत्र्याचा वाटाही मोठा आहे. आईकडे पपनस होते एवढेच हरितलवकाने सांगितले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

निसर्गातही असे घडते. दोन जवळच्या प्रजातींचा संकर होतो, पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा एकाच प्रजातीशी संकरित होत राहतात. झाड अंगाने एका प्रजातीचे दिसते, हरितलवक मात्र दुसऱ्याच प्रजातीचे राहून जाते. याला हरितलवकाची पळवापळवी म्हणता येईल. म्हणूनच आजच्या अभ्यासांत हरितलवक आणि केंद्रक असे दोन स्वतंत्र वंशवृक्ष काढून एकमेकांशी ताडले जातात. ते जुळले तर निष्कर्ष भक्कम. जुळले नाहीत तर तिथे जुना संकर लपला असण्याची शक्यता असते.

दुसरी मर्यादा वेगाची. सावकाश बदलणारा मजकूर कोट्यवधी वर्षांच्या नात्याला उपयोगी, पण शंभर वर्षांच्या नात्याला जवळजवळ मुका. २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅटके या दोन हरितलवक जनुकांची जोडी वनस्पतींच्या ‘डीएनए बारकोड’साठी सुचवली गेली. त्या अभ्यासात सुमारे ७२ टक्के वेळाच प्रजाती नेमकी ओळखता आली. प्रजातीचीच ही स्थिती, तर एकाच प्रजातीतील वाण त्यातून वेगळे होणे अवघडच.

मग ‘भगवा’ची ओळख यातून पटते का?

येथे सोलापूरच्या शेतकऱ्याचा थेट संबंध येतो. डाळिंबाच्या वाणांचा इतिहास पाहिला की उत्तर समजते.

पुण्याच्या गणेशखिंड येथे डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये ‘आळंदी’ या स्थानिक प्रकाराच्या रोपांतून निवड करून जो वाण पुढे आणला, तो ‘गणेश’. मऊ बीचा गणेश महाराष्ट्रात दीर्घकाळ गाजला. पण त्याच्या दाण्यांचा रंग फिका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेश आणि लालबुंद दाण्यांचा परदेशी ‘गुल-ए-शाह रेड’ यांचा संकर केला आणि त्याच्या पुढच्या पिढीतून भगव्याची निवड केली. मृदुला आणि आरक्ता हे वाणही याच जोडीतून आले. संकराची नोंद करताना मातृवाणाचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे. येथेही तीच पाळली असेल, तर आळंदी, गणेश, मृदुला, आरक्ता आणि भगवा यांच्यात हरितलवक एकाच आजीचे आहे. फळाचा रंग, सालीची जाडी, बीचा मऊपणा यांत फरक पडला, तो केंद्रकातल्या जनुकांच्या फेरजुळणीमुळे. डाळिंबाच्या वेगवेगळ्या वाणांच्या संपूर्ण हरितलवक जीनोमची तुलना झाली आहे, तीतही फरक अत्यल्प आढळले.

याचा अर्थ सरळ आहे. रोपाच्या पानातून आरबीसीएलसारखे हरितलवकाचे जनुक तपासले आणि ‘हे डाळिंबच आहे’ असा अहवाल आला, तर तो अहवाल खरा असेल. पण ते भगव्याचे रोप आहे की गणेशचे, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी केंद्रकातील डीएनएवरच्या खुणा तपासाव्या लागतात. काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुनःपुन्हा येतो आणि त्या पुनरावृत्तीची संख्या वाणागणिक वेगळी असते. किंवा एखाद्या ठराविक स्थानावरचे अक्षरच वेगळे असते. केगावच्या डाळिंब केंद्रात अशा खुणा शोधण्याचे काम झाले आहे. भगव्याचा केंद्रकातील संदर्भ जीनोमही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाण ओळखण्यासाठी खरा आधार हा आहे.

भौगोलिक मानांकनाबाबतही हाच मुद्दा लक्षात ठेवायला हवा. सांगोल्याचा भगवा आणि नाशिक जिल्ह्यातला भगवा डीएनएने एकच आहेत, कारण डाळिंबाची लागवड बहुधा गुटी कलमाने किंवा उतिसंवर्धनाने होते आणि प्रत्येक रोप मूळ झाडाची नक्कल असते. मानांकन मिळते ते माती, हवामान, पद्धत आणि त्यातून येणाऱ्या गुणवत्तेला. डीएनए चाचणीने ‘हे सोलापूरचेच डाळिंब’ असे सिद्ध करता येत नाही.

शेतकऱ्याने कोणती चाचणी मागायची?

आधी प्रश्न ठरवावा लागतो. प्रश्न तीन आणि त्यांचे डीएनएही तीन.

पहिला प्रश्न, ही वनस्पती कोणती? चूर्णात किंवा औषधी मालात भेसळ आहे का, वाळलेली फुले खरोखर धायटीचीच आहेत का, अशा वेळी हरितलवकाचा बारकोड कामाचा. बाजारातील वनौषधींची तपासणी हे या तंत्राचे मोठे क्षेत्र आहे.

दुसरा प्रश्न, हा वाण कोणता? त्यासाठी केंद्रकातील खुणा आणि तुलनेसाठी खात्रीच्या मातृवृक्षाचा नमुना, दोन्ही हवेत. तुलनेचा नमुना नसेल तर अहवालातील आकड्यांना अर्थ राहत नाही. वाणाच्या कायदेशीर नोंदणीत मात्र आजही वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता या प्रत्यक्ष शेतात तपासल्या जाणाऱ्या निकषांना महत्त्व आहे.

तिसरा प्रश्न, रोप निरोगी आहे का? तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो. मर रोगामागे मुख्यतः सेराटोसिस्टिस ही बुरशी असते. हे शोधायचे तर डाळिंबाचा नव्हे, जिवाणू आणि बुरशीचा डीएनए शोधावा लागतो. रोगट झाडावर बांधलेली गुटी वाणाच्या चाचणीत शंभर टक्के खरी उतरेल आणि तरीही बागेत तेल्या घेऊन येईल. रोपांबरोबर ‘डीएनए तपासलेले’ असा कागद हाती आला, तर कोणाचा डीएनए आणि कशासाठी तपासला, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बरेच स्पष्ट होते.

मग कुळाच्या संशोधनाचा शेतीला उपयोग काय?

तो दूरचा आहे, पण खरा आहे. डाळिंबाच्या वंशात केवळ दोन प्रजाती आहेत. एक आपली नेहमीची. दुसरी येमेनच्या सोकोत्रा बेटावर आढळणारी, लहान आणि कमी गोड फळांची. त्या बेटाखेरीज ती निसर्गात कुठेच नाही आणि तिचे अस्तित्व धोक्यात मानले जाते. गहू, भात किंवा तुरीला रानटी सोयरे अनेक आहेत. पैदासकारांना तिथून रोगप्रतिकाराचे गुण आणता येतात. डाळिंबाला तसे जवळचे सोयरे जवळपास नाहीतच. त्यामुळे हिमालयातील ‘दारू’ या रानटी डाळिंबासारखे प्रकार आणि गावठी झाडे यांचे मोल वाढते.

केंद्राने २०१७ मध्ये दिलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण त्याचेच उदाहरण आहे. भगवा, गणेश, बुटका शोभिवंत ‘नाना’ आणि रानटी दारू या चौघांचे रक्त त्यात आहे. त्याच्या १०० ग्रॅम ताज्या दाण्यांत लोहाचे प्रमाण ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम आहे; गणेशमध्ये ते २.७ ते ३.२ मिलिग्रॅम असते. रानटी रक्त मिसळल्याने काय साधू शकते, याची यावरून कल्पना येते.

कुळ कळले म्हणून मेंदी आणि डाळिंबाचा संकर होईल किंवा तामणावर डाळिंबाचे कलम जगेल, असा अर्थ काढू नये. कोट्यवधी वर्षांचे अंतर त्याआड येते. मात्र एखादे रोगप्रतिकारक किंवा रंगाचे जनुक डाळिंबात कसे काम करते, हे समजून घेताना तुलना कोणाशी करायची, ते वंशवृक्ष सांगतो. त्यासाठी निलगिरी आणि पेरूपेक्षा तामण आणि मेंदी जवळच्या, हे आता माहीत आहे.

पुढे काय अपेक्षित आहे?

लिथ्रेसी कुळाच्या आत डाळिंबाची नेमकी जागा कोणाशेजारी, यावर अजून चर्चा आहे. त्यासाठी आणखी प्रजातींचे जीनोम आणि केंद्रकाशी तुलना लागेल. पश्चिम घाटातील लहानसहान पाणवनस्पतींपासून कांदळवनापर्यंत या कुळाचे अनेक सदस्य महाराष्ट्रात आहेत. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात आणि मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जुने वाळवलेले नमुने जपलेले आहेत. पूर्वी अशा नमुन्यांची फक्त पाने आणि फुले पाहिली जात. आता त्यांच्यातील डीएनएही वाचता येतो.

सोलापूरपुरते बोलायचे तर अधिक निकड दुसऱ्याच कामाची आहे. बांधावर, परसात, जुन्या वाड्यांत गावठी डाळिंबाची झाडे अजून तग धरून आहेत. भगव्याच्या लाटेत ती कोणी लावत नाही. हरितलवकाने दाखवले, की डाळिंबाचे घराणे मोठे असले तरी जवळचे नातेवाईक अगदी मोजके आहेत. उद्या तेल्याला तोंड देणारा वाण हवा असेल, तर त्याचे बियाणे याच मोजक्या झाडांतून येण्याची शक्यता अधिक. ती तोडली जाण्याआधी नोंदवली गेली पाहिजेत.